रिकामा रकाना कोणी सोडला? गुन्ह्यांच्या आकडेवारीतली गहाळ माहिती हाताळण्याची रीत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०१९ सालच्या ‘क्राइम इन इंडिया’ अहवालात तक्त्यांसोबत एक छोटी टीप आहे. पश्चिम बंगालची त्या वर्षीची माहिती वेळेत मिळाली नाही, म्हणून २०१८ ची वापरली आहे. एका मोठ्या राज्याचं अख्खं वर्ष आदल्या वर्षाच्या आकड्यांनी भरलेलं आहे. टीप न वाचता तक्ते उतरवून घेतले, तर संगणकाला हे कळायला काही मार्ग नाही. त्याच्या लेखी रकाना भरलेला आहे. मॉडेल चालवलं की बंगालात त्या वर्षी प्रत्येक गुन्ह्यातला बदल बरोब्बर शून्य येतो, आणि तो शून्य खरा मानून आपण एखाद्या धोरणाचा परिणाम मोजायला बसतो.

गुन्हेशास्त्र, कायदा, समाजकार्य किंवा सार्वजनिक धोरण शिकणाऱ्यांसाठी आणि पोलिसी आकड्यांवर काम करणाऱ्या पत्रकारांसाठी हा लेख आहे. रिग्रेशन म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे. माझं म्हणणं एकच आहे: गुन्ह्यांच्या माहितीत रकाना रिकामा राहतो तो बहुधा त्या गुन्ह्याच्या स्वरूपामुळेच राहतो. आरोपी सापडला नाही. फिर्यादी घाबरली. ठाण्यात एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर भागवलं. सासू शेजारी बसून होती, म्हणून मुलाखत घेणारीने प्रश्नच विचारला नाही. ही कारणं समजून न घेता सॉफ्टवेअरला हात लावला, तर ते आपल्या चुकीला तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक रूप देतं.

पहिली पायरी: रिकामे रकाने वेगळे करा

फाइल उघडल्यावर सगळे रिकामे रकाने सारखेच दिसतात, पण त्यांच्या जाती वेगळ्या असतात. मॉडेलचा विचार त्यानंतर.

सगळ्यात आधी शून्य आणि गहाळ यांतला फरक. एखाद्या ठाण्याने महिन्याचा अहवाल ‘निरंक’ पाठवला, तर त्याचा अर्थ गुन्हा दाखल झाला नाही. अहवालच आला नाही, तर आपल्याला काहीच माहीत नाही. वरच्या कार्यालयात गोषवारा होताना या दोन्हींच्या जागी कधी आडवी रेघ पडते, कधी ० पडतो. अमेरिकेत या गोंधळाचा सखोल पाठपुरावा मायकेल माल्ट्झ यांनी केला. तिथे एफबीआय १९३० पासून पोलीस खात्यांकडून गुन्ह्यांचे आकडे गोळा करते, आणि आकडे न पाठवलेले महिने अनेक फायलींत शून्य म्हणून बसलेले होते. माल्ट्झ आणि जोसेफ टारगोन्स्की यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की काउंटी पातळीवरच्या या आकड्यांत इतकी भोकं आहेत, आणि ती भरण्याची पद्धत १९९४ मध्ये अशी बदलली आहे, की त्यांवर धोरणाचे निष्कर्ष उभे करणं योग्य नाही. त्याच आकड्यांवर तोवर बंदूक बाळगण्याच्या कायद्यांबद्दलचा मोठा वाद वर्षानुवर्षं लढला गेला होता.

तेव्हा पहिली तपासणी ही: ज्या ठाण्यात दर महिन्याला वीस-पंचवीस चोऱ्या नोंदल्या जातात, तिथे मध्येच एखादा शून्य दिसला, तर तो शून्य नाही असं धरून चाला आणि मूळ अहवाल शोधा. खुनाच्या बाबतीत मात्र छोट्या ठाण्यात शून्य हाच नेहमीचा आकडा असतो. नियम गुन्ह्यागणिक वेगळा ठेवावा लागतो.

दुसरी जात रचनेतून येते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं, मिरा-भाईंदर, वसई-विरारचं १ ऑक्टोबर २०२० ला. २०१३ च्या रकान्यात पालघर रिकामं दिसतं, पण ती माहिती गहाळ नाही, ती ठाणे जिल्ह्याच्या आकड्यात आहे. ती ‘भरायला’ गेलात तर तेच गुन्हे दोनदा मोजाल. उलट, पुणे शहराचा आकडा २०१८ नंतर घसरलेला दिसला तर गुन्हेगारी कमी झाली म्हणून आनंदू नका, हद्द कमी झाली आहे. यावर उपाय एकच, थोडा ओबडधोबड पण प्रामाणिक: पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड यांची बेरीज करून संपूर्ण कालावधीसाठी एकच घटक धरायचा. मुंबईवर काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. लोकलमध्ये किंवा दादर स्थानकाच्या फलाटावर पाकीट मारलं गेलं, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे दाखल होतो. तो मुंबई शहराच्या आकड्यात शोधून सापडत नाही.

तिसरी जात कायद्यातून येते. पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा २०१३ च्या दुरुस्तीने झाला. त्याआधीची वर्षं रिकामी आहेत, कारण मोजायला तो गुन्हाच नव्हता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. मंगळसूत्र किंवा मोबाइल हिसकावणं हा तिच्यात वेगळा गुन्हा आहे, आधी तो चोरी किंवा जबरी चोरीत जात असे. अशा रकान्यांत इम्प्युटेशन, म्हणजे गहाळ मूल्यांच्या जागी अंदाज भरणं, करू नये. मालिका तोडावी किंवा दोन्ही काळांत टिकेल असा मोठा गट बनवावा.

याच खणात एनसीआरबीचा मुख्य गुन्ह्याचा नियमही ठेवा. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजणीत सगळ्यात गंभीर गुन्हाच धरला जातो. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनात मोजला जातो. म्हणजे सगळ्यात क्रूर घटना बलात्काराच्या मुख्य आकड्यातून पद्धतशीरपणे बाहेर पडतात.

चौथी जात ‘अजून व्हायचंय’ ही. आरोपपत्राची तारीख रिकामी आहे कारण तपास चालू आहे. सुटून आलेल्या कैद्याने दुसरा गुन्हा केला का, हे रिकामं आहे कारण तो सुटून सहाच महिने झालेत. ही माहिती अपुरी आहे, तिचा एक भाग आपल्याला ठाऊक आहे: निदान सहा महिने तरी काही घडलं नाही. तिच्यासाठी सर्व्हायव्हल पद्धती आहेत, म्हणजे एखादी गोष्ट घडेपर्यंत किती काळ जातो ते मोजणाऱ्या. अशा ओळी काढून टाकल्या तर झटपट निकाली निघालेली प्रकरणंच उरतात आणि तपासाचा सरासरी काळ खोटा कमी दिसतो.

या चार जाती बाजूला काढल्यावर जे उरतं ते खरं गहाळ. पुढची पद्धत त्याच्यासाठी.

दुसरी पायरी: नोंदीचा प्रवास कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या आणि घटना घडल्यापासून तुमच्या फाइलपर्यंतचा रस्ता काढा. घटना घडली. बळी पडलेल्या व्यक्तीला तो गुन्हा वाटला का? कोणाला सांगितलं का? ठाण्यापर्यंत गेली का? ठाणे अंमलदाराने एफआयआर घेतला, अदखलपात्र म्हणून एनसी घेतली, की समजूत काढून परत पाठवलं? कलम कोणतं लागलं? सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या संगणकीकृत नोंद प्रणालीत, कोणते रकाने भरणं सक्तीचं होतं? आरोपी सापडला का? प्रत्येक टप्प्यावर कोण गळतं ते शेजारी लिहा. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात या कागदाइतकं मोलाचं दुसरं काही नसतं. मार्गदर्शकाने पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याकडून तो करून घ्यावा.

गळती किती मोठी असते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कुठेतरी मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितली म्हणजे पोलिसांकडे गेली असंही नाही, बहुतेक जणी माहेरी बोलल्या. पोलिसी आकडे या उरलेल्या पातळ थरावर उभे आहेत.

आता हा थर कायम असता तर निभावलं असतं. तो बदलतो, आणि मॉडेलला खरा धोका तिथे आहे. देशात २०१२ मध्ये बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. मध्ये डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली घटना, देशभरचा संताप आणि कायद्यातली दुरुस्ती आहे. एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झालेली ही वाढ गुन्ह्यांची कमी आणि बोलण्याची जास्त, असं मानायला सबळ कारण आहे.

गणितात हे सोपं आहे. नोंदलेले गुन्हे म्हणजे घडलेले गुन्हे गुणिले नोंदण्याचं प्रमाण. लॉगरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि तुमच्या रिग्रेशनमधला सहगुणक हा दोन परिणामांची बेरीज असतो: त्या घटकाने गुन्हे किती बदलले आणि नोंदणी किती बदलली. दोन्ही विरुद्ध दिशांना असतील तर चिन्हसुद्धा उलटं येऊ शकतं. लक्ष्मी अय्यर, आनंदी मणी, प्राची मिश्रा आणि पेटिया टोपालोव्हा यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे शिकण्यासारखा आहे. पंचायत राज व्यवस्थेत स्त्रियांना आरक्षण मिळाल्यावर स्त्रियांविरुद्धच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ४६ टक्के वाढ झाल्याचं त्यांना दिसलं. वरवर पाहणारा म्हणेल, आरक्षणाने अत्याचार वाढले. त्यांनी स्त्रियांशी विशेष संबंध नसलेले गुन्हे तपासले, तिथे तशी वाढ नव्हती. पोलिसांशी लोकांचा संबंध कसा आहे याची स्वतंत्र माहिती पाहिली. निष्कर्ष निघाला की स्त्री प्रतिनिधी आल्याने तक्रार करणं आणि ती घेतली जाणं वाढलं.

यातून घ्यायची युक्ती: ज्या गुन्ह्यात नोंदणी फारशी हलत नाही तो शेजारी ठेवा. मृतदेह लपवणं अवघड असतं, म्हणून खून हा अशा तुलनेचा जुना आधार आहे. वाहनचोरीही उपयोगी, कारण विम्यासाठी एफआयआर लागतो. तुमच्या धोरणाचा ‘परिणाम’ विनयभंगावर दिसतो पण त्याच भागातल्या खुनांवर किंवा वाहनचोरीवर अजिबात नाही, तर आधी नोंदणीचा संशय घ्या.

सर्वेक्षणंही यातून सुटत नाहीत. याच आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला आणि एकांत मिळाला तरच विचारायचे, असा नियम आहे. तिच्या सुरक्षिततेसाठी तो योग्यच आहे. पण एकांत कोणत्या घरात मिळत नाही याचा विचार करा. नवरा दारातून हलत नाही त्या घरातला रकाना रिकामा राहतो, आणि तेच घर आपल्याला सगळ्यात जास्त कळायला हवं असतं.

तिसरी पायरी: रिकामेपणाचंच मॉडेल करा

प्रत्येक महत्त्वाच्या चलासाठी ० आणि १ चा एक नवा रकाना बनवा: माहिती आहे की नाही. मग ठाणं, महिना, गुन्ह्याचा प्रकार, बळीचं वय आणि लिंग यांनुसार त्याचे तक्ते काढा. नंतर या ०-१ रकान्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो-नाही उत्तरांसाठीचं रिग्रेशन, चालवा. एकाच ठाण्यातले रकाने रिकामे येतात का? एका विशिष्ट तारखेनंतर एकदम भरू लागतात का? तसं असेल तर बहुधा फॉर्म बदलला आहे किंवा सॉफ्टवेअरने तो रकाना सक्तीचा केला आहे. सक्ती झाल्यावर ‘इतर’ आणि ‘माहीत नाही’ यांचं प्रमाण फुगतं, तेही गहाळच असतं, फक्त वेशांतर केलेलं. वयाच्या रकान्यात ९९, तारखेच्या जागी १ जानेवारी, ही त्याचीच भावंडं.

संख्याशास्त्रज्ञ रॉडरिक लिटल यांची १९८८ ची चाचणी बरेच जण इथे चालवतात. माहिती निव्वळ योगायोगाने गहाळ आहे, हा दावा ती तपासते. ती नापास झाली तर उपयोगी बातमी आहे. पास झाली तर मात्र निश्चिंत होऊ नका, नमुना लहान असला की ती सहज पास होते, आणि न दिसणाऱ्या कारणांबद्दल ती काहीच सांगू शकत नाही.

चौथी पायरी: यंत्रणा ओळखा

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेली तीन प्रकारांची विभागणी आजही वापरात आहे. निव्वळ योगायोगाने गहाळ, म्हणजे एमसीएआर. आपल्या हाती असलेल्या माहितीने समजावता येईल असं गहाळ, म्हणजे एमएआर. आणि त्या रिकाम्या मूल्यावरच अवलंबून असलेलं गहाळ, म्हणजे एमएनएआर. नावं रुक्ष आहेत, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आकडे उदाहरणापुरते कल्पित आहेत.

समजा आपल्यापुढे १,००० खुनांच्या नोंदी आहेत आणि प्रश्न आहे: मारेकरी अनोळखी असण्याचं प्रमाण किती? घरात झालेले ४०० खून, त्यांतले ३६० उलगडले, त्यांतले १८ अनोळखी मारेकऱ्यांचे, म्हणजे ५ टक्के. रस्त्यावर किंवा उघड्यावर झालेले ६०० खून, त्यांतले ३४० उलगडले, त्यांतले ८५ अनोळखी मारेकऱ्यांचे, म्हणजे २५ टक्के. न उलगडलेल्या ३०० प्रकरणांत नात्याचा रकाना रिकामा.

उलगडलेल्या ७०० नोंदीच घेतल्या तर अनोळखी १०३, म्हणजे १४.७ टक्के. हे उत्तर बरोबर ठरायला तपास लागणं-न लागणं निव्वळ योगायोग असावं लागतं. पण घरातले ९० टक्के खून उलगडतात आणि रस्त्यावरचे जेमतेम ५७. दावा तिथेच कोसळतो.

जागा लक्षात घेतली तर घरातल्या ४०० चे ५ टक्के म्हणजे २०, रस्त्यावरच्या ६०० चे २५ टक्के म्हणजे १५०. एकूण १७ टक्के. हे एमएआर धरून आलेलं उत्तर. त्यामागे गृहीतक आहे की रस्त्यावर झालेल्या खुनांत, उलगडलेले आणि न उलगडलेले, नात्याच्या बाबतीत सारखेच आहेत.

ते तरी खरं आहे का? कोणत्याही तपास अधिकाऱ्याला विचारा. ओळखीतला मारेकरी लवकर सापडतो: भांडण, फोनचे तपशील, जमिनीचा वाद, शेजाऱ्यांचा जबाब. अनोळखी मारेकरी असला की प्रकरण जास्त अडतं. म्हणजे रकाना रिकामा असण्याचं कारण रकान्यातल्या मूल्यातच आहे. हे एमएनएआर, आणि आकडे स्वतःहून याची कबुली कधीच देत नाहीत. एमएआर आहे की एमएनएआर हे सांगणारी चाचणी अस्तित्वात नाही. ते विषयाच्या जाणकारीनेच ठरवावं लागतं, म्हणून दुसऱ्या पायरीतला कागद महत्त्वाचा.

पाचवी पायरी: सोप्या वाटा कुठे फसवतात

अपुऱ्या ओळी गाळून टाकणं ही जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरची मूळ सवय आहे, आणि ते विचारतही नाही. पाच चलांत प्रत्येकी १० टक्के माहिती एकमेकांपासून स्वतंत्रपणे गहाळ असेल, तर जवळपास ४१ टक्के ओळी गळतात. तरी ही पद्धत कायमच वाईट असं नाही. रिकामेपणा फक्त मॉडेलमधल्या स्वतंत्र चलांवर अवलंबून असेल आणि त्या चलांच्या पलीकडे परिणामाशी त्याचा संबंध नसेल, तर रिग्रेशनचे सहगुणक ठीक येतात. नमुना लहान होतो, एवढंच.

सरासरी भरणं मात्र सोडूनच द्या. त्याने चलाचा पसारा आकसतो, नाती पुसट होतात आणि प्रमाण त्रुटी खोटी लहान होते. ‘माहीत नाही’ असा वेगळा गट करून तो नियंत्रक चलात घालणंही तितकंच घातक, कारण त्या गटापुरतं नियंत्रण झालेलंच नसतं. मागच्या वर्षाचा आकडा पुढे ओढण्याबद्दल सुरुवातीला लिहिलंच आहे.

सहावी पायरी: पद्धत निवडा

आकडे मोजणीचे असतील, म्हणजे ठाणेनिहाय किंवा जिल्हानिहाय मासिक गुन्हे, तर सगळ्यात सोपी वाट पॉइसन किंवा निगेटिव्ह बायनोमियल मॉडेलची. एका ठाण्याने ९ महिन्यांचेच अहवाल पाठवले असतील तर १२ भागिले ९ ने आकडा फुगवू नका, एफबीआय वर्षानुवर्षं तीन किंवा जास्त महिने पाठवणाऱ्या खात्यांसाठी हेच करत आली. त्याऐवजी लोकसंख्येसोबत नोंदवलेल्या महिन्यांचा लॉगरिदमही ऑफसेट म्हणून, म्हणजे सहगुणक १ ठेवलेलं चल म्हणून, द्या. मग ९ महिन्यांची माहिती ९ महिन्यांइतकंच वजन घेते. महिनेवार फाइल असेल तर आणखी उत्तम, कारण गुन्ह्यांना ऋतू असतात. गणपती-दिवाळीचे महिने गहाळ असणं आणि जूनचा महिना गहाळ असणं सारखं नाही.

दुसरी वाट वजनांची. माहिती मिळण्याची शक्यता काढायची आणि मिळालेल्या नोंदीला तिच्या व्यस्ताचं वजन द्यायचं. वरच्या उदाहरणात रस्त्यावरच्या उलगडलेल्या प्रत्येक खुनाला ६०० भागिले ३४०, म्हणजे १.७६ वजन, घरातल्याला १.११. उत्तर पुन्हा १७ टक्केच येतं, कारण गृहीतक तेच आहे. वजनांची मर्यादा अमेरिकेने २०२१ मध्ये अनुभवली. त्या वर्षापासून एफबीआयने फक्त नव्या, घटनानिहाय पद्धतीचे आकडे स्वीकारायचं ठरवलं. देशातली सुमारे ४० टक्के पोलीस खाती वर्षभराची माहिती देऊ शकली नाहीत, आणि त्यांत न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस होती. छोट्या गावाच्या जागी दुसऱ्या छोट्या गावाला जास्त वजन देता येतं. न्यूयॉर्कच्या जागी कोणाला द्यायचं? त्यासारखं शहर यादीत नसेल तर कोणतंही वजन कामाचं नाही. शेवटी २०२२ साठी एफबीआयने जुन्या पद्धतीचे आकडेही पुन्हा घेतले.

तिसरी वाट मल्टिपल इम्प्युटेशनची. व्यक्ती किंवा प्रकरण पातळीवरच्या माहितीसाठी मी बहुतेकांना हीच सुचवते. प्रत्येक रिकाम्या जागी एकच अंदाज न घालता अनेक शक्य अंदाज घालून फाइलच्या अनेक पूर्ण प्रती तयार करायच्या, प्रत्येकीवर तेच मॉडेल चालवायचं आणि उत्तरं एकत्र करायची. आर भाषेतलं माइस हे पॅकेज यासाठी सर्वात जास्त वापरलं जातं, स्टाटामध्येही सोय आहे. करताना या गोष्टी सांभाळा.

इम्प्युटेशनच्या मॉडेलमध्ये परिणामाचं चल घालाच. उत्तर पाहून प्रश्न भरल्यासारखं वाटतं म्हणून अनेक जण ते वगळतात, आणि मग भरलेल्या मूल्यांचा परिणामाशी काही संबंधच उरत नाही, सहगुणक शून्याकडे सरकतो. अंतिम मॉडेलमध्ये परस्परक्रियेची (इंटरॅक्शनची) पदं असतील तर तीही इथे हवीत. त्याशिवाय अंतिम मॉडेलमध्ये नको असलेली पण रिकामेपणा समजावणारी चलं आवर्जून घ्या: घटनेची वेळ, हत्यार, ठाण्यावरचा कामाचा भार, मृताची ओळख पटायला लागलेले दिवस. एमएआरचं गृहीतक पटण्याजोगं होतं ते अशा मदतनीस चलांमुळे. प्रकरणं ठाण्यांत विभागलेली असतील तर बहुस्तरीय इम्प्युटेशन वापरा, नाहीतर ठाण्यांतले फरक पुसले जातात. किती प्रती? ५ पुरतात हा जुना सल्ला. आता सोपा ठोकताळा असा की जितके टक्के प्रकरणं अपुरी, निदान तितक्या प्रती.

एकत्र करण्याचा रुबिन यांचा नियम हाताने एकदा करून पाहा. समजा २० प्रतींमधल्या सहगुणकांची सरासरी ०.४० आली. प्रत्येक प्रतीच्या आतल्या प्रसरणाची (व्हेरियन्सची) सरासरी ०.०१०, आणि प्रती-प्रतींमधल्या सहगुणकांचं प्रसरण ०.००६. एकूण प्रसरण म्हणजे ०.०१० अधिक १.०५ गुणिले ०.००६, म्हणजे ०.०१६३. वर्गमूळ ०.१२८. एकाच प्रतीवर विश्वासला असतात तर प्रमाण त्रुटी ०.१०० लिहिली असती. मधला फरक हे आपल्या अज्ञानाचं माप आहे, आणि ते लपवायचा आपल्याला अधिकार नाही.

झाल्यावर भरलेली आणि मूळ मूल्यं शेजारी आलेखात मांडा. ती वेगळी दिसणं चूक नाही. पण ११ वर्षांच्या मुलाला ‘विवाहित’ भरलं गेलं असेल तर थांबा आणि मॉडेल सुधारा.

सातवी पायरी: गृहीतक वाकवून पाहा

गुन्ह्यांच्या संशोधनात ही पायरी ऐच्छिक धरू नये. वरच्या तिन्ही वाटा एमएआरवर उभ्या आहेत आणि आपण आत्ताच पाहिलं की खुनाच्या उदाहरणात ते डळमळीत आहे.

रस्त्यावरच्या न उलगडलेल्या २६० खुनांत अनोळखींचं प्रमाण २५ ऐवजी ५० टक्के धरा. लॉजिस्टिकच्या भाषेत ऑड्स (असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर) तिप्पट, म्हणजे इम्प्युटेशनच्या मॉडेलमध्ये सुमारे १.१ ची भर. ८५ अधिक १३०, अधिक घरातले २०. एकूण २३५, म्हणजे २३.५ टक्के. मग ही भर ० पासून पायरीपायरीने वाढवत न्या आणि तुमचा मुख्य निष्कर्ष कोणत्या टप्प्यावर मोडतो ते पाहा. तो मोडण्यासाठी लागणारी भर एखाद्या अनुभवी तपास अधिकाऱ्याला अशक्य वाटत असेल, तर निष्कर्ष टिकाऊ आहे. ‘एवढं तर असतंच’ असं तो म्हणाला, तर शोधनिबंधाची भाषा बदलायला हवी.

टोकाच्या सीमाही काढून ठेवा. न उलगडलेले सगळे खून ओळखीच्यांनी केले असं धरलं तर १०.३ टक्के, सगळे अनोळखींनी केले असं धरलं तर ४०.३. एवढी रुंद पट्टी छापायला लाज वाटते हे मी समजू शकते. पण कोणतंही गृहीतक न धरता आकडे एवढंच सांगतात, आणि त्यापुढची प्रत्येक अचूकता आपण बाहेरून आणलेली असते.

आठवी पायरी: लिहिताना

पद्धतीच्या प्रकरणात प्रत्येक चलातल्या गहाळ माहितीचं प्रमाण, त्याचं तुम्हाला पटलेलं कारण, इम्प्युटेशनमध्ये घेतलेली सगळी चलं, प्रतींची संख्या, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि यादृच्छिक बीजाचा (रँडम सीडचा) आकडा लिहा. ओळी गाळून आलेलं उत्तर आणि इम्प्युटेशनचं उत्तर एकाच तक्त्यात शेजारी द्या. ‘गुन्हे वाढले’ आणि ‘नोंदलेले गुन्हे वाढले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. गुन्ह्यांतली वाढ आणि नोंदणीतली वाढ एक नव्हे, असं एनसीआरबी स्वतः आपल्या अहवालात बजावते, तरी दर वर्षी अहवाल आला की मथळे पहिलंच वाक्य छापतात.

आणि प्रश्नच न नोंदलेल्या गुन्ह्यांचा असेल, तर पोलिसी फाइलवर कितीही इम्प्युटेशन करून उपयोग नाही, कारण ज्या घटनेची ओळच नाही तिच्यात भरायला रकानाही नाही. तिथे बळींना थेट विचारणारं सर्वेक्षण लागतं. अमेरिकेत ते १९७३ पासून सातत्याने होतं, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून. भारतात तसं दर वर्षी होणारं राष्ट्रीय सर्वेक्षण नाही, म्हणून आरोग्य सर्वेक्षणातल्या हिंसेच्या प्रश्नांवर काम करावं लागतं, आणि ते १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपुरतेच आहेत. पन्नाशी ओलांडलेली विधवा, वसतिगृहातला मुलगा, पुलाखाली झोपणारं कुटुंब यांच्यावर काय गुजरतं हे त्यात सापडत नाही. या गटांबद्दल निष्कर्ष काढायचा असेल तर स्वतंत्र नमुना आखावा लागेल, आणि त्याची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी मागून ठेवावी.